गडग्यापलीकडचं बाली

नलूकाकी बालीला जाऊन आल्याची बातमी आमच्या आळीत त्या परतायच्या आधीच पोचली होती. त्यांच्या विहीणबाईंनी रोज सकाळ-संध्याकाळ फोटो टाकले. झोपाळ्यावरच्या विहीणबाई, दगडी कमानीतल्या विहीणबाई, शहाळं पिणाऱ्या विहीणबाई. काकी एकाही फोटोत धड नव्हत्या. एकात कोपऱ्यावर त्यांचा नुसता खांदा आला होता, तो सासूबाईंनी मोठा करकरून बघितला. त्यामुळे खरी हकीगत गडग्यावर येईल तेव्हाच, हे आम्ही धरून चाललो होतो.

काकींचं मागीलदार आणि आमचं आगर यांच्यामध्ये छातीएवढा चिऱ्यांचा गडगा आहे. विरजण, कढीलिंब, पाहुण्यांसाठी जादा कपबशा आणि गावातल्या बातम्या, सगळं त्याच्यावरूनच जातं-येतं. शिंपणं आटपून काकी आल्या आणि कोपरं टेकून उभ्या राहिल्या. सासूबाई पडवीत डाळिंब्या सोलत होत्या. हात डाळिंब्यांत, कान गडग्यावर.

"काय काकी, कसा झाला प्रवास?"

"प्रवास संपला गं मीनल. विहीणबाई काही संपल्या नाहीत."

म्हटलं, आजचा स्वयंपाक उशिरा होणार.

झालं होतं असं, की काकींचा मुलगा सिंगापूरला असतो. तिथून बाली विमानानं अडीच तासांवर. त्यानं आणि सुनेनं ठरवलं, दोन्हीकडच्या आईवडिलांना एकदमच न्यायचं. विहीणबाई पुण्याच्या. त्यांनी निघायच्या आधीच रोजची यादी छापून आणली होती, दिवसाला सात-सात ठिकाणांची.

"समुद्र बघायला विमानानं?" सासूबाईंनी पडवीतूनच पहिली काडी टाकली. "इथं मागच्या दारी काय आहे मग? समुद्राला लागून देऊळ हवं तर आपलं वेळणेश्वर आहे, कुणकेश्वर आहे."

"मीही हेच म्हणत होते हो वहिनी. पण बाली म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून लहान! आपला जिल्हा आठ हजार चौरस किलोमीटरच्या वर, ते अख्खं बेट सहा हजारांच्याही आत. त्यात माणसं चाळीस लाखांच्या वर. शंभरातले पंच्याऐंशीहून जास्त हिंदू. आजूबाजूचा बहुतेक देश मुसलमान, आणि मध्येच हे एवढंसं बेट. पावलापावलावर देऊळ. घरात देऊळ, शेतात देऊळ, दुकानामागं देऊळ. प्रत्येक गावाला निदान तीन तरी हवीतच: एक मूळपुरुषांचं, एक गावकीचं आणि एक मसणवटीच्या अंगाचं."

"खर्च किती आला?"

"व्हिसाचेच पाच लाख."

सासूबाईंच्या हातातली डाळिंबी उडून थेट अंगणात गेली.

"त्यांचे हो, त्यांचे पाच लाख! रुपियाच म्हणतात त्यांच्या पैशालाही. आपले अडीच-तीन हजार होतात. वर दीड लाख बेटाचा पाहुणेकर, तो 2024 पासून लावलाय. ह्यांना तर तिथं गेल्यापासून श्रीमंतीच चढली. चहाचे वीस हजार मोजताना काय ऐट!"

मुलाचा शहाणपणा असा, की त्यानं मुक्काम सानूरला ठेवला. कुटा वगैरे बाजूला रात्रभर धिंगाणा, गाड्यांची कोंडी. सानूर मात्र म्हाताऱ्यांचा किनारा, असं विहीणबाई नाक मुरडून म्हणाल्या म्हणे. काकींना तेच आवडलं. समोर लांबवर प्रवाळाचा बांध आहे, लाटा तिथंच फुटतात. अलीकडे गुडघ्याएवढं निवांत पाणी. तोंड पूर्वेला, त्यामुळे सूर्य समुद्रातून वर येतो. आपल्याला सूर्य समुद्रात बुडताना बघायची सवय. काकांना म्हणे दोन दिवस दिशाच लागेनात.

"आणि माडांहून उंच इमारत नाही," काकी म्हणाल्या. "कायदाच आहे तसा. 1966 साली तिथं एक दहा मजली हॉटेल उभं राहिलं, ते बघून लोकांना कसंसंच झालं. मग ठरलं, की यापुढं पंधरा मीटरच्या वर बांधायचं नाही. ते एकच हॉटेल आहे उभं, ओशाळल्यासारखं."

"आणि आपल्याकडं ग्रामपंचायत..." सासूबाईंनी सुरुवात केली. ग्रामपंचायतीचा विषय निघाला तर बाली दुपारपर्यंत परत येणार नाही, म्हणून मी घाईनं विचारलं, "आणि देवळं?"

"देवळांत देव नाही."

काकींना कुठं थांबायचं ते बरोबर कळतं. त्या थांबल्या. सासूबाई सूप बाजूला ठेवून उठल्या, पायरी उतरून गडग्यापाशी आल्या.

"म्हणजे गं?"

"म्हणजे मूर्ती नाही. आम्ही पहिल्या दिवशी गेलो तानाह लोतला. समुद्रात काळा खडक आणि खडकावर देऊळ. भरतीला चहूबाजूंनी पाणी, ओहोटीला चालत जाता येतं. सोळाव्या शतकात निरर्थ नावाचे कुणी मोठे पुरोहित जावाहून आले, त्यांनी सांगून बांधून घेतलं म्हणतात. देव वरुण. आम्ही ओहोटी धरून गेलो, तर वर सोडत नाहीत! खडकाच्या पोटात गोड्या पाण्याचा झरा आहे, पुजारी ते पाणी हातावर देतो, कपाळाला ओले तांदूळ चिकटवतो, कानामागं चाफा खोचतो आणि म्हणतो, झालं. विहीणबाई त्याला म्हणतात, दर्शन? तो हसतो आणि पुन्हा पाणी देतो."

"खडक तरी खरा आहे ना?" मी उगाच विचारलं.

"तोही सगळा नाही! लाटांनी ढासळायला लागला होता, तेव्हा सरकारनं जपानकडून कर्ज काढून डागडुजी केली. आता दिसतो त्यातला तिसरा हिस्सा माणसांनी केलेला. पण सांगितल्याशिवाय कळायचं नाही हो, झकास केलाय."

काकींच्या म्हणण्याप्रमाणे विहीणबाईंचा त्या दिवशी जो हिरमोड झाला, तो पुढं प्रत्येक देवळात वाढतच गेला. देऊळ म्हणजे तिथं गाभारा नाहीच. एकामागं एक तीन उघडी अंगणं. पहिल्यात माणसांची वर्दळ, दुसऱ्यात वाद्यं आणि स्वयंपाक, तिसऱ्या अंगणात देवांची आसनं, आणि तिथं पूजा करणाऱ्यांखेरीज कुणाला सहसा सोडत नाहीत. उंच दगडी चौथरा. पायाशी कासव, कासवाला अनंत आणि वासुकी या दोन नागांचा विळखा. वर सुबक कोरलेली, पाठ असलेली खुर्ची. पद्मासनच म्हणतात तिला. खुर्चीत कुणी नाही. शेजारी काळ्या छपरांचे मनोरे, एकावर एक छपरं, तीन, पाच, सात, अगदी अकरापर्यंत. नेहमी विषम. त्यांच्यातही आत कुणी बसलेलं नाही.

"रिकामी खुर्ची पुजतात?" सासूबाई.

"मी तेच विचारलं आमच्या ड्रायव्हरला. मादे त्याचं नाव. तसं नावाचंही सांगते. पहिलं मूल वायान, दुसरं मादे, तिसरं न्योमान, चौथं कतुत. मुलगा असो, मुलगी असो. पाचवं झालं तर पुन्हा वायान."

"मग हाक मारली की निम्मी आळी ओ देत असेल."

"असेल बाई. तर मादे म्हणाला, देव काय इथं कायमचा राहतो होय? त्याचं घर वर डोंगरात, आगुंगवर. तीन हजार मीटरच्या वर आहे तो ज्वालामुखी. देवळाचा वाढदिवस आला, की आपण त्याला बोलवायचं, तो येतो, दोन-तीन दिवस राहतो, खातो-पितो, नाच बघतो आणि परत जातो. दर दोनशे दहा दिवसांनी. त्यांचं एक वर्ष तेवढंच असतं, देवाधर्माचं."

सासूबाईंचा चेहरा जरा सैल झाला. "म्हणजे आपला गणपती येतो तसा. मखर काय वर्षभर भरलेलं असतं?"

मला वाटतं, सबंध गप्पांत बालीचं देऊळ कुणाला नेमकं कळलं असेल तर ते त्या क्षणी सासूबाईंना. काकींनीही मान डोलावली, पण दुसऱ्या कुणी आपल्या आधी मुद्दा मांडलेला त्यांना फारसा रुचत नाही. त्या पुढं सरकल्या.

"एक गोष्ट तुम्हाला आवडेल वहिनी. देवळाच्या दारात पाटीच असते, इंग्रजीत, अडचण असलेल्या बायकांनी आत येऊ नये म्हणून."

"बरोबरच आहे," सासूबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या.

"जखम वाहत असली तर पुरुषांनीही नाही. कुणी गेलेलं असलं तर सुतक फिटेपर्यंत नाही."

"ते तर पाळायलाच हवं."

मी गप्प बसले. जखमेचं ऐकून थोडं तरी बरं वाटलं, एवढंच.

कपड्यांचंही असंच. कमरेला लुंगी हवी आणि वरून शेला बांधलेला हवा, मग तुम्ही कितीही साडी नेसून या. विहीणबाईंची पैठणी होती त्या दिवशी. त्यावर दारावरच्या माणसानं शांतपणे पिवळा शेला आवळला. फोटोत विहीणबाईंचं तोंड का वाकडं होतं, ते आम्हाला आत्ता कळलं.

आता काकींना खरं काय आवडलं, तर ते यादीत नव्हतंच. सानूरला ज्या घरी उतरले होते, तिथली सून. काकी रोज पहाटे उठून पायरीवर जाऊन बसायच्या, आणि विहीणबाई आवरून खाली येईपर्यंत हलायच्या नाहीत.

"अगं, तिचे हात बघायला हवे होतेस. माडाची कोवळी पात घ्यायची, पिवळसर असते ती. सुरीनं सरळ कापायची, चार कोपरे दुमडायचे आणि बांबूच्या बारीक चोया टोचून तळहाताएवढा द्रोण करायचा. त्यात तळाला विड्याचं पान, चुना, सुपारीचा तुकडा."

"आपलंच आगर की!" सासूबाई म्हणाल्या.

"सगळं आपल्याच आगरातलं. त्याच्यावर फुलं, आणि तीही वाटेल तशी नाहीत. पांढरी पूर्वेला, तांबडी दक्षिणेला, पिवळी पश्चिमेला, निळी नाहीतर काळपट उत्तरेला. एकेका दिशेचा एकेक देव. मध्ये पांदानची चिरलेली हिरवी पानं, असा वास सुटतो! आणि मग वर बिस्कीट ठेवते."

"बिस्कीट?"

"बिस्कीट, गोळी, कधी सिगारेटसुद्धा. घरातल्या माणसाला जे आवडतं ते देवाला आवडणार नाही का? उदबत्ती लावायची, फुलानं पाणी शिंपडायचं, तीन बोटांत चाफ्याचं फूल धरून धूर देवाकडं असा हलकेच लोटायचा. झालं. देवघरात एक, विहिरीवर एक, चुलीवर एक, स्कूटरवर एक, उंबऱ्याबाहेर जमिनीवर एक. जमिनीवरचं भुताखेतांसाठी. त्यांनाही उपाशी ठेवायचं नाही. मिनिटाभरात कोंबडी येऊन बिस्कीट खाते, कुणी हुसकत नाही तिला."

विहीणबाईंचा पाय पडला म्हणे एका द्रोणावर. बिचाऱ्या घाबरून तिथंच खाली वाकून नमस्कार करायला लागल्या. ती सून म्हणाली, उदबत्ती विझली ना, मग देवाचं घेऊन झालंय, आता तो कचरा. केरसुणीनं लोटलासुद्धा.

"रोज करते? ती एकटीच?" माझा प्रश्न वेगळ्याच जागेवरून आला होता, ते काकींनी ओळखलं.

"रोज. पण आता पुष्कळ जणी बाजारातून तयार घेतात गं. चोयांच्या जागी स्टेपलरच्या पिना असतात त्यांना. तिची सासू म्हणत होती, पिना देवाच्या घशात अडकतील."

सासूबाई हसल्या. मीही हसले, पण उशिरा.

पुढची देवळं काकींनी भराभर उरकली, आणि काही ठिकाणी मला वाटलं, अजून सांगायला हवं होतं. तीर्त एम्पुल म्हणजे झऱ्याचं देऊळ. 962 सालचं. कुंडाच्या तळाची काळी रेती आतल्या पाण्यानं सतत उकळल्यासारखी हलत असते. ते पाणी बाजूच्या टाक्यात दगडी धारांतून पडतं आणि लोक एकेका धारेखाली डोकं धरत पुढं सरकतात. मध्ये दोन-एक धारा गेलेल्यांच्या विधीसाठी राखलेल्या असतात, त्या सोडायच्या. काकांना कुणी सांगितलंच नाही. मागून मादे ओरडला म्हणून वाचले. टेकडीवर त्यांचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकर्णो यांचा बंगला आहे. तिथून खाली नहाणारी माणसं दिसतात, हे काकींना मुळीच पटलेलं नाही.

गुनुंग कावीला तीनशेच्या आसपास पायऱ्या उतरायच्या. काकांनी गुडघ्यांचा विचार करून वरच भाताची खिचडी खाल्ली. व्याह्यांनी त्यांना सोबत केली. खाली गेल्या फक्त विहिणी.

"नदीच्या दोन्ही काठांवर उभ्या कातळात कोरलेली देवळं," काकी सांगत होत्या. "दहा आहेत. एकेक सात-सात मीटर उंच. अकराव्या शतकातली, उदयन राजाच्या घराण्याची. आपल्या गोष्टीतला उदयन नव्हे, हा त्यांचा. त्याच्या मुलानं, ऐरलंगानं, पुढं जावावर राज्य केलं. आणि दारं खोटी! कोरलेली आहेत नुसती, आत जायला वाटच नाही. विहीणबाईंनी ढकलून बघितलं एक."

"आणि तुम्ही?"

"मी हात लावला. ढकललं नाही."

एका जागी मात्र सासूबाईंना हवं ते मिळालं. गोआ गजा म्हणून गुहा आहे. बाहेर कातळात अक्राळविक्राळ तोंड कोरलंय, त्या तोंडातूनच आत शिरायचं. आत काळोख, दहा-बारा पावलं गेलं की वाट दोन्हीकडं फुटते. उजवीकडं तीन शिवलिंगं, कापड गुंडाळलेली. डावीकडं गणपती. अकराव्या शतकाच्या सुमाराचा, झिजलेला, धुरकटलेला, पण गणपती. जुन्या काळी मूर्ती होत्याच तिथं. अंगणातला पाण्याचा तलाव तर मातीखाली दडलेला होता, तो 1954 साली उकरून काढला.

"नमस्कार केलास ना माझा?"

"केला हो वहिनी. विहीणबाईंनी तर अथर्वशीर्षच म्हटलं. चांगलं म्हणतात, खोटं कशाला बोलू. गुहेत घुमलं सुद्धा. बाहेरचे गोरे आत येऊन गप उभे राहिले."

हा विहीणबाईंना मिळालेला एकुलता एक चांगला शेरा. लगेच पुढं उलुवातूची माकडं आली.

उलुवातूचं देऊळ सत्तर मीटर उंच कड्याच्या टोकावर आहे. खाली समुद्र आपटतोय, वर माकडं. ही माकडं चोर नाहीत, सावकार आहेत. चष्मा, मोबाईल, चप्पल उचलतात आणि समोर बसून राहतात. केळं, अंडं, काहीतरी दिलं की वस्तू परत. संशोधकांनी अभ्यास केलाय त्यांचा. मोठी माकडं किमती वस्तू बरोबर हेरतात आणि तिच्या बदल्यात जास्त खाणं मागतात. लहानांना तेवढं कळत नाही.

"विहीणबाईंचा चष्मा सोनेरी काडीचा. माझा औषधदुकानातला. माझ्याकडं ढुंकून पाहिलं नाही मेल्यानं."

"मग?"

"मग काय! पहिल्यांदा बटाट्याची चकती दिली, त्यानं फेकली. थेपला दिला, हुंगून खाली टाकला. शेवटी तिथल्या माणसानं फळ दिलं, तेव्हा चष्मा मिळाला. एक काडी चावलेली. त्या सबंध संध्याकाळी विहीणबाई चष्मा हातानं धरून नाच बघत होत्या."

नाच म्हणजे केचाक. कड्यावर सूर्य मावळताना पन्नास-साठ उघडे पुरुष गोल बसतात, एक वाद्य नाही, नुसते तोंडानं चक-चक-चक करतात, आणि मध्ये रामायण. शेवटी हनुमंताभोवती सोडणं पेटवतात आणि तो ती पायानं उडवतो. काकींना अंगावर काटा आला म्हणे. पण मुलानं सांगितलं, की हे काही पुराणकाळातलं नाही. अंगात येण्याचा जुना विधी होता, त्यातला घोष घेऊन 1930च्या सुमाराला वॉल्टर श्पीस नावाच्या जर्मन चित्रकारानं आणि तिथल्या नर्तकांनी मिळून तो पाहुण्यांसाठी बसवला. काकींचं म्हणणं, असेना का. आपली दशावतारी मंडळी काय दरसाल नवीन घालत नाहीत?

खाण्याची गोष्ट आली तेव्हा काकी दोन पायांवर आळीपाळीनं भार टाकायला लागल्या होत्या, पण जाईनात. जिंबारानच्या वाळूवर टेबलं मांडतात आणि मासा माडाच्या सोडणांवर भाजून देतात. काकी मनसोक्त जेवल्या. विहीणबाई शाकाहारी. तिथल्या भाजीच्या चटणीतसुद्धा वाळलेल्या कोलंबीचा मसाला असतो, हे त्यांना तिसऱ्या घासाला कळलं. पुढं थेपले आणि शहाळं. मात्र क्लेपोन म्हणून गोड गोळी मिळते, तांदळाच्या पिठाची हिरवी उकड, आत ताडगूळ, वरून ओलं खोबरं, ती दोघींनी स्पर्धेनं खाल्ली. दातानं फोडली की आतला पाक जिभेवर सांडतो. काकींनी तिचं पीठ कसं मळतात ते विचारून घेतलंय. चतुर्थीला करून बघणार आहेत.

"शेती आहे का गं तिकडं? की सगळी हॉटेलंच?" सासूबाईंनी विचारलं. आमची खाचरं त्यांनीच वर्षानुवर्षं सांभाळली, म्हणून हा प्रश्न त्यांना पडला.

"अहो, जातिलुविहची शेती बघून तुम्ही रडला असता! डोंगरच्या डोंगर खाचरं, वरून खालपर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी. आणि पाण्याचा कारभार देवळाकडं. सुबाक म्हणतात त्या मंडळीला. कुठल्या खाचरानं कधी पाणी घ्यायचं, कधी लावणी, कधी सगळ्यांनी एकदमच शेत मोकळं ठेवायचं, ते देवळात बसून ठरतं. 2012 साली युनेस्कोनं मान दिला त्याला."

"आणि ऐकतात?"

"मध्ये ऐकेनासे झाले होते. 1970च्या दशकात सरकारनं सांगितलं, नवं बियाणं घ्या, खतं घाला, जमेल तितकी पिकं काढा, देवळाचं वेळापत्रक सोडा. प्रत्येक जण आपापल्या वेळी पेरायला लागला. एकाचं कापलं की कीड दुसऱ्याच्यात. उंदीर, तुडतुडे, नुसता सुळसुळाट. सगळे एकदम शेत मोकळं ठेवायचे तेव्हा किडीला खायलाच काही नसायचं, ते गणित मोडलं. मग लान्सिंग नावाच्या एका अमेरिकन माणसानं संगणकावर हिशेब मांडून दाखवला, की पुजाऱ्यांचंच बरोबर होतं. झाले परत देवळाकडं."

"आपल्याकडं पाटाच्या पाण्यावरून भावकीत डोकी फुटतात," सासूबाई म्हणाल्या आणि कोणत्या भावकीत, कधी, कुणाचं, हेही सांगितलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही. संबंधित मंडळी हे वाचतात.

सासूबाई आत वळणार, एवढ्यात काकींनी काकांचं काढलं. काकांनी सगळ्या प्रवासात एकच हट्ट धरला होता. सानूरच्या दक्षिण टोकाला एका साध्या देवळात पुरुषभर उंचीचा दगडी खांब आहे, काचेआड, कापड गुंडाळलेला. ब्लांजोंगचा खांब. बघायला कुणी जात नाही. यादीत नव्हताच. त्याच्यावर श्रीकेसरी वर्मदेव राजाचा लेख आहे, जुन्या बालीत आणि संस्कृतात.

"आणि वर्ष दिलंय, शके 835!"

"शके?" सासूबाई परत फिरल्या. आमच्याकडं पंचांग त्यांच्या ताब्यात असतं.

"शके! आपलंच. इसवी सन 914 धरतात. ह्यांनी तिथंच बोटांवर मोजलं. आणि अजून चालू आहे हो ते. त्यांचं नवं वर्ष आपल्या पाडव्यालाच. 2023ला आपला पाडवा 22 मार्चला होता, त्यांचाही त्याच दिवशी, दोघांचं शके 1945. 2026लाही दोन्ही 19 मार्चला. अधिक महिन्याचा हिशेब वेगळा, म्हणून कधी फरक पडतो. 2024ला त्यांचं 11 मार्चला झालं आणि आपला पाडवा एप्रिलात."

"मग गुढी उभारतात?"

"कसली गुढी! आदल्या संध्याकाळी बांबू-कागदाचे हे एवढाले राक्षस करून वाजतगाजत मिरवतात. आणि पाडव्याला सगळं बंद. न्येपी म्हणतात. चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही, काम नाही, करमणूक नाही, घराबाहेर पाऊल नाही. विमानतळसुद्धा चोवीस तास बंद! गावचे राखणदार फिरत असतात. खिडकीतून उजेड दिसला तर दार वाजवतात. पाहुण्यांनीही हॉटेलातच बसायचं. मी तर ह्यांना म्हटलं, पुढच्या खेपेला त्यालाच यायचं. विहीणबाईंना कळवायचं नाही. एक दिवस शांत."

सासूबाईंनी काकींकडं नीट निरखून पाहिलं. गडग्याच्या सावलीनं जागा बदलली होती, काकींच्या मागीलदारी कुकरच्या शिट्ट्या कधीच होऊन गेल्या होत्या.

"शांत? चोवीस तास? तू?"

"घरातल्या घरात हळू बोललं तर चालतं," काकी म्हणाल्या. "मी विचारून घेतलंय."